जुनं घर घेतोय, ते किती वीज खातं हे कसं कळणार? (तातडीने मदत हवी)

उंबरठा :
घर पसंत आहे. रविवारी विसार द्यायचाय. प्रश्न एवढाच : हे घर राहण्याजोगं गार-उबदार ठेवायला वर्षाला किती वीज लागते, हे घेणाऱ्याला कुठून कळतं? घरमालकांनी दोन बिलं दाखवली. एजंट म्हणतो, "हवेशीर आहे, काळजी करू नका." जाहिरातीत चटईक्षेत्र, मजला, पार्किंग सगळं आहे, हेच नाही. फ्रिज घेताना तारे बघता येतात, आणि जन्मभराची कमाई ओतायची त्या घराला काहीच नाही? लवकर सांगा प्लीज.

वातायन :
कुठल्या देशात घेताय ते लिहिलं नाहीत. युरोपीय संघात २००२ च्या निर्देशापासून घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र, म्हणजे घर किती ऊर्जा खाईल याची श्रेणी सांगणारा कागद, दाखवावं लागतं. २०१० च्या सुधारणेनंतर ते जाहिरातीतही द्यावं लागतं. एकदा काढलं की जास्तीत जास्त दहा वर्षं चालतं. ऑस्ट्रेलियाच्या राजधानी प्रदेशात तर विकाऊ घराच्या जाहिरातीत असं मानांकन देण्याचा नियम १९९० च्या दशकापासून आहे. तसं असेल तर एजंटकडे मागा, तुमचा हक्क आहे तो.

उंबरठा :
इथे तशी सक्ती नाही. असती तर इथे कशाला विचारलं असतं.

मजला_चौथा :
बिलं कोणत्या महिन्यांची? घर कितव्या मजल्यावर? ऊन कुठल्या भिंतीवर येतं? त्यात किती माणसं राहत होती? यातलं काहीच दिलेलं नाही, मग कोण काय सांगणार?

सूर्यपुत्र :
सोलर बसवा. आम्ही बसवलं, बिलाची चिंता गेली. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून लावा आणि दर महिन्याला धुवा, धुळीने उत्पादन पडतं. हवं तर तपशील देतो.

उंबरठा :
सोलरचं नंतर बघू. घर घ्यावं की नाही, इथेच अडलंय.

जोत्याचा_दगड :
सोपं आहे. बारा महिन्यांची बिलं मागा आणि रक्कम न बघता युनिट बघा, कारण दर बदलत राहतात. मी दोन्ही घरं अशीच घेतली. प्रमाणपत्रं वगैरे कागद रंगवायची कामं आहेत.

कौलारू :
जोत्याचा_दगड, अजिबात पटलं नाही. बिलावरून माणसं कळतात, घर कळत नाही. आम्ही एका वृद्ध जोडप्याकडून घर घेतलं. त्यांची बिलं इतकी कमी की आम्ही खूश. ते दोघं एका खोलीत एका पंख्यावर दिवस काढायचे. आम्ही पाच जण, दोघं घरूनच काम करणारे. पहिल्याच उन्हाळ्यात युनिट अडीचपट झाले. घर तेच, उघड्या स्लॅबखाली भाजणारं. त्यांनी ते सोसलं म्हणून बिलात दिसलं नाही.
बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्रात राहणाऱ्यांच्या सवयी बाजूला ठेवतात. ठरावीक तापमान आणि ठरावीक वापर धरून भिंती, छत, खिडक्या, यंत्रणा यांचा हिशेब करतात. म्हणून दोन घरांची तुलना करता येते.

जोत्याचा_दगड :
आणि तो हिशेब करणारा भिंतीच्या आत बघतो का? इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, दिसलं नाही, कागदही नाही, तर बांधकामाच्या सालावरून अंदाज धरतात. माझ्या बहिणीने भिंतीत भरून घेतलेलं होतं, पावती सापडली नाही, श्रेणी घसरली. मीटर तरी खोटं बोलत नाही.

वातायन :
दोन्ही मागायचं, भांडता कशाला? श्रेणीवरून घर कळतं, बिलावरून वापर. श्रेणी खालची आणि बिल कमी असेल, तर आधीचे लोक उकाडा किंवा थंडी सोसत होते असं समजावं.

नवी_पालवी :
मी घर विकतेय. स्वखर्चाने मानांकन काढून जाहिरातीत दिलं तर किंमत जास्त मिळेल का?

वातायन :
नेदरलँड्समधल्या घरांवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ए, बी, सी श्रेणीच्या घरांना सरासरी ३.७ टक्के जास्त किंमत मिळाल्याचं दिसलं. पण तिथे लेबल काय असतं हे ग्राहकाला ठाऊक होतं. अमेरिकेत पोर्टलंड शहराने २०१८ पासून घर विक्रीला काढतानाच त्याच्या ऊर्जावापराचा १ ते १० गुणांचा अहवाल देणं बंधनकारक केलं, म्हणजे बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो.

मजला_चौथा :
नवी_पालवी, वेगळा धागा काढा. उंबरठा, माझ्या प्रश्नांची उत्तरं राहिली.

उंबरठा :
सगळ्यात वरचा मजला. वर गच्ची. पश्चिमेला मोठी खिडकी. बिलं ना थंडी ना उकाडा अशा दोन महिन्यांची. घर सहा महिने रिकामं आहे. पाणी गॅसवर तापतं.

मजला_चौथा :
अहो, रिकाम्या घराची बिलं! हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. त्यात घराबद्दल काहीच नाही. आणि गॅसचं बिल वेगळं मागा.

हिवाळी_पाऊस :
एसी बदलून पाच तारेवाला इन्व्हर्टर घ्या, खूप फरक पडतो.

कौलारू :
एसी नंतर. उंबरठा, कडक उन्हाच्या दिवशी दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगा आणि संध्याकाळी सात-आठला जा. एजंट सकाळी दाखवतात. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता आत उतरायला काही तास लागतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने छताचं आणि आतल्या भिंतीचं तापमान घ्या. छत बरंच गरम निघालं तर वर इन्सुलेशन नाही असं धरून चाला. मग उदबत्ती खिडकीच्या फटीजवळ धरा, वाऱ्याच्या दिवशी धूर हलला की फट कळते.

जोत्याचा_दगड :
हे मात्र करा. शिवाय लोक राहत होते त्या शेवटच्या पूर्ण वर्षाची बिलं मागा, आणि किती जण राहत होते तेही.

उंबरठा :
घरमालकांना फोन केला. ग्राहक क्रमांकावरून जुनी बिलं निघतात, त्यांनी तीन वर्षांची पाठवली. चौघं राहत होते. ऐन उन्हाळ्यातल्या दोन महिन्यांचे युनिट मला दाखवलेल्या बिलांच्या सहापट आहेत. विसार आठवडाभर पुढे ढकललाय. आज संध्याकाळी थर्मामीटर घेऊन जातेय. गच्चीवर इन्सुलेशन करायचं झालं तर खर्च माझा की इमारतीचा?

मजला_चौथा :
गच्ची कोणाच्या मालकीची आहे? ते आधी सांगा.