मदत हवी आहे: मुलीची थेरपी चालू आहे, आम्ही घरी नक्की कसं वागायचं?

मुलगी १३ वर्षांची आहे, गेले तीन महिने रोज सकाळी दप्तर लावून दारापर्यंत येते आणि पोटात दुखतंय म्हणून बूट काढून परत आत जाते. तपासण्या सगळ्या नॉर्मल, शेवटी थेरपिस्टकडे नेलं तर त्या म्हणाल्या अँग्झायटी आहे, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी हळूहळू बदलायची बोलण्याची थेरपी) करूया, आठवड्यातून एकदा ५० मिनिटं, १२ ते १६ सेशन्स धरून चाला. आत्ता चार झालीत.

ती आत काय बोलते ते आम्हाला सांगत नाहीत, जिवाला धोका वाटला तरच सांगू म्हणाल्या. पटतं हो, पण बाहेर बसून माझा जीव नुसता टांगणीला लागलेला असतो. आमचंही वेगळं सेशन झालं, त्यात कळलं की दुखतंय म्हटल्यावर मी लगेच घरी ठेवून घेते त्यानेच भीती उलट पक्की होते. म्हणजे चूक माझीच का?? आणि नवरा म्हणतो नाटकं आहेत सगळी, तो यायलाच तयार नाही.

कोणाच्या मुलांची झालीये का अशी थेरपी? फरक साधारण कधी दिसला? आणि सेशनवरून आल्यावर काही विचारायचं की गप्प बसायचं? मी विचारलं की ती सरळ हेडफोन लावते.