परदेशात कंपनी काढायचीय, कन्सल्टंट घेताना काय काय विचारून घ्यावं?

रेषाकाम
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण पॅकेजिंग डिझाईनचं काम करतो, दोघीच आहोत, स्टाफ वगैरे नाही. आता बहुतेक क्लायंट बाहेरच्या देशातलेच झालेत आणि त्यातले काही सरळ म्हणतात की तुमची बाहेर कंपनी असेल तर आमच्याकडे बिल पास करून घ्यायला सोपं जाईल. म्हणून एका कन्सल्टन्सीशी बोललो. त्यांच्या पॅकेजमध्ये रजिस्ट्रेशन, पत्ता, बँक खातं, लोकल डायरेक्टर, व्हिसा सगळंच आहे, आणि देश कुठला म्हटलं तर म्हणे तुम्ही सांगाल तो, यूके, एस्टोनिया, अमेरिका, सिंगापूर, जपान, फक्त रेट वेगळा. मला हेच खटकलं, आम्ही काय काम करतो, पैसे कुठून येतात, हे त्यांनी विचारलंच नाही. असे लोक घ्यावेत का? की हे आपलं आपणच करता येतं?

हिशोबवही
तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. मी बाहेरच्या मालकांच्या छोट्या कंपन्यांचे हिशोब बघतो आणि माझ्याकडे लोक येतात ते कंपनी काढून वर्ष झाल्यावर, जेव्हा पहिली नोटीस येते तेव्हा. रजिस्ट्रेशन हा सगळ्यात सोपा भाग आहे हो, यूकेमध्ये तर ते घरबसल्या ऑनलाईन होतं. पण तिथे मार्च २०२४ पासून रजिस्टर्ड पत्ता नुसती पोस्टाची पेटी चालत नाही, कागदपत्रं खरोखर कोणाच्या तरी हातात पडतील असा पत्ता लागतो, आणि नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरची ओळख पडताळणी सक्तीची झालीय. वर्षाला अकाउंट्स आणि कन्फर्मेशन स्टेटमेंट (कंपनीची नोंदलेली माहिती बरोबर आहे असं कळवणारा फॉर्म) भरायचंच, धंदा शून्य असला तरी. अकाउंट्सला उशीर झाला की १५० पौंडांपासून दंड सुरू आणि सहा महिन्यांच्या पुढे गेलात की १५००.

अमेरिकेचं तर लोकांना माहितच नसतं. परदेशी माणसाच्या एकट्याच्या मालकीची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल तर तिथे टॅक्स लागो न लागो, मालकाने कंपनीत पैसे घातले किंवा काढले की फॉर्म ५४७२ भरावा लागतो, नाही भरला तर दंड २५,००० डॉलर. तुम्ही दोघी मालक असाल तर ती पार्टनरशिप धरली जाते, म्हणजे फॉर्म वेगळा, पण रिटर्नची कटकट आहेच. आणि ईआयएन, म्हणजे कंपनीचा तिकडचा टॅक्स नंबर, त्याचे वेगळे पैसे लावत असतील तर एवढं माहीत असू द्या की आयआरएस, म्हणजे तिकडचा टॅक्स विभाग, त्या नंबरला एक पैसा घेत नाही, तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी फॉर्म एसएस-४ फॅक्सने पाठवून मिळतो. फॉर्म भरून देण्याची फी घेतली तर ठीक, ती त्यांची मेहनत आहे, पण मग बिलात तसं लिहा म्हणावं, सरकारी फी म्हणून नको.

म्हणून कन्सल्टंटला पहिला प्रश्न हाच विचारा की दुसऱ्या वर्षी काय काय भरायचं, कोण भरणार आणि त्याचे किती. जो माणूस हे तारखांसकट लिहून देतो त्याच्याशी पुढे बोला.

पूर्वेकडचा
जपानपुरतं सांगतो कारण इथे राहतो आणि सध्या इथे फार गोंधळ चाललाय. कंपनी काढायला इथे कायद्याने १ येन भांडवल पुरतं, आणि जाहिराती करणारे तेवढंच सांगतात, पण तुम्हाला इथे राहून ती चालवायची असेल तर बिझनेस मॅनेजर व्हिसा लागतो आणि त्याची भांडवलाची अट ऑक्टोबर २०२५ मध्ये ५० लाख येनवरून थेट ३ कोटी येन झाली, वर एक पूर्णवेळ कर्मचारी पाहिजे, आणि बिझनेस प्लॅन इथल्या मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडून, म्हणजे सीपीए (इथला सीए), टॅक्स अकाउंटंट किंवा सरकारमान्य लघुउद्योग सल्लागार, यांच्यापैकी कोणाकडून तरी तपासून घ्यावा लागतो. तुमच्या पॅकेजमध्ये "जपान कंपनी अधिक व्हिसा" लिहिलं असेल तर त्यांना विचारा हा प्लॅन कोण तपासणार, त्याचं लायसन्स कुठलं. दोन जणींच्या डिझाईन स्टुडिओला ३ कोटी येन अडकवायचं कारण मला तरी दिसत नाही. क्लायंट जपानी असले तरी बाहेरून बिल करता येतंच की.

पाटीपेन्सिल
पैसे देण्याआधी सरकारी मदत बघा, खूप जणांना ती आहे हेच माहीत नसतं. जपानमध्ये जेट्रो ही सरकारी व्यापार संस्था परदेशी कंपन्यांना फुकट सल्ला देते, अटीत बसलात तर ठराविक मुदतीसाठी ऑफिसची जागासुद्धा देते. नेदरलँड्सच्या स्टार्टअप व्हिसाला तर सरकारमान्य फॅसिलिटेटरच (मार्गदर्शक) लागतो आणि त्यांची यादी जाहीर आहे, तुमचा कन्सल्टंट त्यात आहे का ते आधी बघता येतं.

रेषाकाम
खूप खूप आभार सगळ्यांचे. आम्हाला कुठे राहायला जायचं नाहीये, काम इथूनच करणार, म्हणजे व्हिसा त्या पॅकेजमधून काढूनच टाकते. आता एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी आणि सिंगापूर हे दोनच डोक्यात आहेत. तो लोकल डायरेक्टर म्हणजे नक्की काय, त्याने कधी पैसे काढले तर?

हिशोबवही
ताई, सिंगापूरमध्ये किमान एक डायरेक्टर तिथला रहिवासी लागतोच, आणि सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरीही नेमावा लागतो. तुमच्यापैकी कोणी तिथे राहत नाही म्हणून ते आपला माणूस नावाला बसवणार, नॉमिनी म्हणतात त्याला. यात बेकायदेशीर काही नाही, पण २०२५ पासून असा नॉमिनी धंदा म्हणून पुरवायचा तर नोंदणीकृत सर्व्हिस प्रोव्हायडरमार्फतच, आणि तो माणूस योग्य आहे का हे तपासायची जबाबदारी त्यांची. नोंदणी आहे का ते अॅक्राच्या, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी विभागाच्या, यादीत स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. बँक खात्यावर सहीचा अधिकार फक्त तुम्हा दोघींचा, हे करारात आणि बँकेच्या फॉर्मवर दोन्हीकडे पाहिजे.

ई-रेसिडेन्सी २०१४ च्या शेवटी सुरू झाली, चांगली सोय आहे, पण ते डिजिटल ओळखपत्र आहे. त्याने ना तिथे राहायचा हक्क मिळतो ना तुम्ही टॅक्ससाठी तिथल्या रहिवासी होता. पत्ता आणि कॉन्टॅक्ट पर्सन तिथला घ्यावाच लागतो आणि बँक खातं मिळेलच असं नाही, तो निर्णय बँकेचा. लोकांना वाटतं नफा कंपनीतच ठेवला की तिथे टॅक्स नाही, मग झालं. पण सगळे निर्णय तुम्ही राहता त्या देशातून घेत असाल तर तिथला टॅक्स विभाग म्हणू शकतो की ही कंपनी आमच्याकडचीच. एस्टोनिया असो की सिंगापूर, हा प्रश्न दोन्हीकडे येतोच आणि याचं उत्तर कंपनी काढून देणारा देऊ शकत नाही, तुमच्या स्वतःच्या देशातला टॅक्सवाला लागेल. आधी त्याच्याकडे एक तास बसा, मग देश ठरवा.

पूर्वेकडचा
अजून एक, ज्या क्लायंटनी कंपनी काढा म्हटलंय त्यांच्या अकाउंट्स खात्याला नेमकी अडचण काय ते विचारलंत का? कधी कधी त्यांना फक्त त्यांच्या चलनातलं खातं किंवा व्हेंडर फॉर्म हवा असतो.

रेषाकाम
नाही विचारलं. उद्याच दोघांना मेल टाकते, काय म्हणतात ते इथे लिहीन.