असईजवळच्या रानात शिशाच्या गोळ्या सापडतात, मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?

जुईकाठचा
मंडळी, आमचं शिवार भोकरदन तालुक्यात, असईला लागूनच. नांगरट होऊन पहिला वळीव पडला की काकांना बांधाकडेला गोळ्या दिसतात. खडा म्हणून उचलावा तर हाताला जड, वरून पांढुरकी, एखादी एका अंगाने चपटलेली. १८०३ च्या लढाईतल्याच असणार. पंधरा हजारांपर्यंत कोणतं यंत्र घेऊ? आणि कायद्याची काही भानगड?

काळी_माती
एवढ्यात मिळणारी बहुतेक यंत्रं आपल्या जमिनीत डोकं उठवतात. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणून साधं यंत्र धोंड्याधोंड्यावर बोंबलतं. ग्राउंड बॅलन्स (म्हणजे जमिनीतल्या खनिजांचा आवाज गाळायची सोय) हाताने जुळवता येणारं, नाहीतर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं हवं. मायनलॅब इक्विनॉक्स त्यातलंच, पण तुमच्या बजेटच्या फार पुढे. आणखी एक, लोखंड गाळायची सेटिंग लावलीत तर तोफेचे लोखंडी गोळे न् छर्रे सगळे निसटतील. असईला शिंद्यांच्या तोफांनीच तर इंग्रजांचं कंबरडं मोडायची वेळ आणली होती.

तहसील_फेऱ्या
दादा, आधी थांबा! १८७८ चा निखात निधी कायदा (गुप्तधनाचा म्हणतात तो) अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, स्वतःच्या रानात असलं तरी. दडवलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय शंभर वर्षांपुढची वस्तू म्हणजे पुरावस्तू, तिला १९७२ चा कायदा. तिचा धंदा करायला परवाना लागतो, देशाबाहेर खाजगीरीत्या नेताच येत नाही. आणि संध्याकाळी यंत्र घेऊन रानात फिरलात तर ‘गुप्तधनवाले आले’ अशी हाळी उठेल, मग पोलीसपाटलाला समजावत बसा.

लेस्टरकर
मी इंग्लंडात राहतो, तिथून बॉसवर्थचं रणांगण जवळ आहे. १४८५ ची ती लढाई नेमकी कुठे झाली हा जुना वाद डिटेक्टरनेच मिटवला. तीसहून जास्त शिशाचे गोळे आणि तिथे लढलेल्या राजा रिचर्ड तिसऱ्याचं, रानडुकराचं चांदीचं चिन्ह मिळालं, तेही लोक मानत आले त्या टेकडीपासून तीनेक किलोमीटरवर. हे कळलं कारण प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर मांडली होती. इथेही जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित जागी तर परवान्याशिवाय यंत्र चालवणं गुन्हा आहे.

तेव्हा गोळी दिसली की उचलण्याआधी तिथेच फोटो काढा, फोनवरचं लोकेशन आणि गट नंबर लिहा. घासूनपुसून चकचकीत करू नका, तो पांढुरका थरच आतलं शिसं राखतो. व्यास साडेसतरा मिलिमीटर आणि वजन तीस ग्रॅमच्या आसपास भरलं तर इंग्रजांच्या ब्राउन बेस बंदुकीची असू शकते. मात्र शिंद्यांच्या कवायती पलटणींकडेही युरोपीय धाटणीच्याच बंदुका होत्या, त्यामुळे नुसत्या वजनावरून गोळी कुणाची ते ठरवू नका.

जुईकाठचा
यंत्राचं रहित. काकांनी सगळ्या गोळ्या एकाच बरणीत टाकल्यात. कुठली कुठे सापडली विचारलं तर ‘ओढ्याकडच्या तुकड्यात’ एवढंच सांगतात. तो तुकडा नकाशावर दाखवून आहे तेवढं जिल्हाधिकारी कार्यालयात कळवतो, एक प्रत पुरातत्त्व विभागाला. अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर टाका.

तहसील_फेऱ्या
साध्या कागदावर चालतं. काय सापडलं, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख, एवढं लिहा. पोच मात्र शिक्का मारूनच घ्या.