मदत हवी आहे: बीआरसीए १ दोष आहे, आजार नाही, एमआरआयच्या तारखा गावातून कशा जुळवाव्यात?

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय ३३, दोन मुले. मोठ्या बहिणीला गेल्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, तिच्या रक्ततपासणीत बीआरसीए १ या जनुकात दोष (ज्याने स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो) आढळला आणि नेमक्या त्याच दोषासाठी केलेली माझी तपासणीही पॉझिटिव्ह आली. आमची आत्या अंडाशयाच्या कर्करोगाने गेली होती, परंतु ते वडिलांकडचे म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दोष वडिलांकडूनही तितकाच, म्हणजे प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यतेने येतो, हे समुपदेशनातच कळले.

मला दरवर्षी एक एमआरआय आणि सहा महिन्यांच्या अंतराने एक मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) असा सल्ला मिळाला आहे. मॅमोग्राफी वर्ध्याला होते. एमआरआयला मात्र स्तनांसाठीची वेगळी कॉइल (यंत्राला जोडायचा, प्रतिमेसाठीचे संकेत टिपणारा भाग) लागते, म्हणून नागपूरला जावे लागते, आणि पाळी सुरू झाल्यापासून साधारण ७ ते १४ दिवसांत तो केल्यास प्रतिमा अधिक स्पष्ट येते. रुग्णालय तारीख देते दीड महिना आधी. माझी पाळी कधी सव्वीस दिवसांनी, कधी पस्तीस. मागच्या वेळी तारीख चुकली, पुन्हा मागितली तर ऐन कापूस वेचणीत मिळाली, आणि तेव्हा घरून निघणे कसे असते हे इथल्या बायकांना सांगायला नको. ज्यांच्या तपासण्या नियमित चालू आहेत, त्यांनी हे कसे जमवले? दोन तारखा धरून ठेवता येतात का, की पाळी आल्याबरोबर फोन केल्यास जागा मिळते?

दुसरा प्रश्न अंडाशय व बीजनलिका काढण्याचा. त्यांच्यासाठी भरवशाची नियमित तपासणीच नाही, त्यामुळे ३५ ते ४० या वयात, मुले झाल्यावर, शस्त्रक्रिया करावी असे डॉक्टर सांगतात. पाळी एकदम बंद झाल्यावर हाडांची झीज आणि अंगाची लाही यांवर कोणते उपचार मिळाले? शेतीची कामे किती दिवसांनी सुरू करता आली? आजाराचे निदान नसताना या शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा फुले योजनेतून कोणाला मंजूर झाला असल्यास कृपया कागदपत्रांसह सविस्तर लिहावे.

भाऊ तपासणीला तयार नाही. "पुरुषाला काय होते" म्हणतो. त्याला दोन मुली आहेत. आपल्या घरात हे कोणी कसे समजावले?