चामड्याचं काम हौस म्हणून शिकायचंय, हत्यारं कुठली घेऊ? (नाशिक)

इंदिरानगरकर

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून डोक्यात आहे की हाताने लेदरच्या वस्तू शिवायला शिकायचं, धंदा वगैरे अजिबात नाही, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार हाताला काहीतरी काम पाहिजे एवढंच. पहिली वस्तू ठरलीय. भाऊ निफाडला द्राक्षबाग बघतो, त्याच्या छाटणीच्या कात्रीला कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं कव्हर. सध्या तो कात्री मागच्या खिशात कोंबतो आणि खिसे फाडून घेतो. ते जमलं तर मग पाकीट, घड्याळाचा पट्टा.

गाडी हत्यारांपाशी अडलीय. ऑनलाइन चाळीस-पन्नास नगांची किटं दिसतात, निम्म्या वस्तू कशासाठी ते कळत पण नाही. किट घ्यावं की सुटं? चामडं कुठलं आणि कुठून? बजेट ५ हजार, सगळं धरून. आणि फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या काकू आधीच मिक्सरच्या आवाजावरून बोलतात, तेव्हा ठोकाठोकी किती करावी लागते तेही सांगा.

रापीवाला

किट घेऊ नका भाऊ. त्यात नगांची संख्या वाढवायला नक्षीचे ठसे भरलेले असतात, ते तुम्हाला वर्षभर लागणार नाहीत, आणि ज्याला खरंच धार पाहिजे ती हत्यारं नेमकी बोथट येतात. वस्तू तुमची ठरलीय ना, मग तिला लागेल तेवढंच घ्या. कापायला ब्लेड बदलता येणारा जाड कटर, दीड-दोन फुटी स्टीलची पट्टी, कटिंग मॅट. शिलाईची रेघ मारायला कंपासपेटीतलं डिव्हायडर चालतं, दोन्ही टोकं घट्ट राहणारं बघा. भोकं पाडायला ४ मिमी अंतराची दोन दात आणि चार दातांची छिन्नी (चार दाती सरळ रेघेला, दोन दाती वळणाला), टोक बोथट असलेल्या दोन सुया, ०.८ मिमीचा मेण लावलेला पॉलिस्टर दोरा. पाकिटाला पुढे ३ मिमी छिन्नी आणि ०.६ दोरा घ्याल, तो खर्च आत्ता करू नका. चिकटवायला फेविकॉल एसआर, दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं, आणि खिडकी उघडी ठेवायची, डोकं धरतं त्याने.

छिन्नीवर लोखंडी हातोडी मारू नका, माथा पसरतो. लाकडी मोगरी घ्या. खाली ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा ठेवा, कुठल्याही मार्बलवाल्याकडे मागितला तर मिळतो, त्याच्यावर प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड म्हणजे दात दगडावर जाणार नाहीत. काकूंसाठी ग्रॅनाइटखाली जुनी सतरंजी दुमडून टाका आणि ठोकायचं काम दुपारी उरका, शिलाई रात्री कितीही वाजेपर्यंत करा, तिला आवाज नाही.

उरलेले पैसे धारेत घाला. हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी ऐकत नाही. बोथट ब्लेडने चामडं कापलं जात नाही, ते आधी ताणलं जातं आणि मग कड वाकडी येते, मग माणूस म्हणतो माझा हातच वाईट. प्लायच्या पट्टीवर चामड्याचा तुकडा खरखरीत बाजू वर करून चिकटवा, त्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड घासा आणि काम करताना मधूनमधून पातं त्याच्यावर ओढत राहा, पात्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, नाहीतर तोच तुकडा कापाल. कंपाउंड सातपूर-अंबडकडे बफिंगचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळतं, एक वडी घेतली की पुरते.

अंबड_टूलरूम

वरच्यांचं बहुतेक पटलं, पण छिन्नीबद्दल नाही. फ्लॅटमधल्या माणसाने आरीनेच (हाताने दाबून भोक पाडायचा टोच्या) शिकावं. छिन्नी फक्त हलकी टेकवून खुणा करायच्या आणि भोक आरीने पाडायचं, आवाज जवळपास नाही आणि जाड कामात छिन्नी तिरकी जाऊन मागच्या बाजूची रेघ नागमोडी होते ते पण टळतं. वेळ लागतो, कबूल, पण हौस आहे ना, घाई कुणाला आहे. फक्त चर्मकार काकांकडे बघून तसलीच आरी घेऊ नका, त्यांच्या आरीच्या टोकाला दोरा ओढायची खाच असते. आपल्याला बिनखाचेची, चौकटच्या पत्त्यावरच्या आकाराच्या टोकाची पाहिजे.

रापी (चामडं कापायची, तासायची रुंद पात्याची सुरी) मात्र त्यांच्याकडची बघाच. कडा पातळ करायला तिच्यासारखं काही नाही. चहा सांगा, शेजारी बसा, विचारा की रापी कोणाकडून करून घेतली. धार कशी लावतात तेही बघा, अँगल हातात कसा बसलेला असतो ते व्हिडिओत कळत नाही.

इंदिरानगरकर

@रापीवाला @अंबड_टूलरूम दोघांचे आभार, मग छिन्नी खुणेपुरती आणि भोक आरीने असं करतो. पण दोन सुया कशासाठी? आणि चामड्याचं कोणीच बोललं नाही अजून.

गोदाकाठ

दादा, दोरा एकच, दोन टोकांना दोन सुया. एकाच भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात. मशीनच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेला असतो, एक तुटला की उसवत जातं. इथे एक टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा धरून ठेवतो. दोरा पातळ कामाला शिलाईच्या लांबीच्या चौपट घ्या, जाड कामाला त्याहून जास्त. दर वेळी तीच सुई आधी घाला, क्रम बदलला की टाक्यांचा तिरकेपणा बदलतो आणि लांबून पण दिसतं. शेवटी दोन भोकं मागे येऊन दोरा कापायचा आणि लायटरने टोक वितळवायचं.

आता चामडं. कात्रीच्या कव्हरला क्रोम टॅन (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) घेऊ नका, मऊ असतं, आकार धरत नाही, आणि त्यात उरलेल्या क्षारांमुळे लोखंडाला गंज धरू शकतो. व्हेज टॅन घ्या, म्हणजे झाडाच्या सालीत वगैरे कमावलेलं, २.५ ते ३ मिमी जाड. कोल्हापुरी चपलेचं चामडं तसंच, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं. दुकानात ओळखायचं तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका, रंग न दिलेलं व्हेज टॅन थेंब शोषून गडद होतं. क्रोमची कापलेली कड बऱ्याचदा आतून निळसर-राखाडी दिसते.

माझा अनुभव धारावीचा. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरून स्लो लोकलने दोन स्टेशन मागे सायन, तिथून धारावी जवळ. चामडं स्क्वेअर फुटावर विकतात, अख्खं कातडं गळ्यात मारायला बघतात, तुम्ही तुकडे मागा. पोटाकडचा भाग स्वस्त देतात पण तो ताणतो, तुम्हाला पाठीकडचा पाहिजे. जाडी मोजायला व्हर्नियर न्या, दुकानदाराचं ३ मिमी आणि व्हर्नियरचं ३ मिमी यात फरक असतो 😀

रापीवाला

ताईंनी चांगलं सांगितलं. त्यात एक भर, कव्हर नुसतं दोन तुकडे जोडून शिवू नका. कात्रीची पाती रोज आत-बाहेर करताना शिलाईचा दोराच कापतील. कडेने दोन्हींच्या मध्ये चामड्याचीच बोटभर रुंद पट्टी घाला आणि तिन्हीतून शिवा. जाडी ८-९ मिमीपर्यंत जाईल, म्हणजे टूलरूमवाल्यांची आरी इथे लागणारच, तेवढं मान्य 🙏

इंदिरानगरकर

आणि कात्रीचा आकार कसा आणायचा? ओलं करून दाबायचं असं कुठेतरी बघितलं होतं.

गोदाकाठ

हो, शिवून झालं की कोमट पाण्यात बुडवून काढायचं, कात्री आत घालायची आणि बोटांनी कडा दाबत आकार काढायचा. पण कात्री आधी किचनमधल्या क्लिंग फिल्ममध्ये दोनदा गुंडाळा. ओल्या व्हेज टॅनला लोखंड लागलं की टॅनिनमुळे काळे डाग पडतात, ते सहजी जात नाहीत. स्टीलची पट्टी आणि पिना पण ओल्या चामड्यावर ठेवू नका. उन्हात किंवा ड्रायरने वाळवायचं नाही, सावलीत पंख्याखाली एक-दोन दिवस. मग कडा ४०० च्या आणि १००० च्या पॉलिश पेपरने घासा, किंचित पाणी लावून लाकडाच्या गुळगुळीत दांड्याने चकाकी येईपर्यंत चोळा, वरून मधमाशीचं मेण. पावसाळ्यात मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते, मोकळ्या हवेत टांगा.

अंबड_टूलरूम

तळाला शिलाईच्या आत एक ४ मिमीचं भोक ठेवा. बागेत कात्रीला चीक, माती, फवारणीचं पाणी सगळं लागलेलं असतं, ते खाली साचलं की कात्रीचं टोक गंजतं. भोक असलं की नळाखाली धरून धुता येतं, मग परत मेण.