मासळीबाजारातल्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायका: लायबेरियाचं युद्ध खरंच कुणी थांबवलं?

रानजाई

एप्रिल २००३. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया. मासळीबाजाराजवळचं मोकळं मैदान, शेजारून टबमन बुलेवार्ड हा मोठा रस्ता. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा याच रस्त्याने जायचा. त्या मैदानात पांढरे टीशर्ट घातलेल्या, डोक्याला पांढरी फडकी बांधलेल्या बायका येऊन बसल्या. अंगावर दागिना नाही. उन्हातही बसल्या, पुढे पावसाळा लागला तरी बसल्या. चर्चला जाणाऱ्या आणि मशिदीशी बांधलेल्या, दोन्ही. लेमाह बोवी ही त्यांची पुढारी, आणि मुस्लिम बायकांना आणणारी असातू बा केनेथ ही चक्क पोलिसातली.

देश १९८९ पासून यादवी युद्धात जळत होता. अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली असं मानतात. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात बंदुका होत्या.

टेलर आणि बंडखोर बोलणी करायला घानातल्या अक्राला गेले, तेव्हा बायकाही तिकडे गेल्या. बोलणी आठवड्यांवर आठवडे लांबली. पुढारी हॉटेलात आणि मनरोव्हियावर तोफगोळे पडताहेत, असं चाललेलं. जुलैत एक दिवस या बायका सभागृहाच्या दारातच हातात हात अडकवून बसल्या. करार केल्याशिवाय बाहेर पडायचं नाही म्हणाल्या. शिपाई बोवीला धरायला आले, तर ती अंगावरचे कपडे उतरवू लागली. आईच्या वयाच्या बाईने असं करणं हा तिकडे पुरुषासाठी मोठा शाप. शिपाई मागे सरले. मध्यस्थ नायजेरियाचे जनरल अबुबकर यांनी बायकांची बाजू उचलून धरली. ११ ऑगस्टला टेलर पायउतार झाला, १८ ला करार झाला.

मला पटलेली गोष्ट अशी की या बायका करारानंतर घरी गेल्या नाहीत. पुढचं युद्ध टळलं ते त्यामुळे. तुमचं मत मांडा.

कृष्णाकाठ

ताई, मनापासून लिहिलंय, पण मला हे पटत नाही. टेलर गेला त्याची कारणं वेगळी आहेत. बंडखोर राजधानीच्या वेशीत घुसले होते. ४ जूनला, बोलणी सुरू झाली त्याच दिवशी, शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने त्याच्यावरचं आरोपपत्र उघड केलं. किनाऱ्यासमोर अमेरिकेची जहाजं उभी होती. ऑगस्टमध्ये नायजेरियाची फौज उतरली. बायका मैदानात नसत्या तरी टेलरला जावंच लागलं असतं.

मी साताऱ्याकडचा. आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. १९९९ ला काका द्रासला होते. आजी रोज दुपारी ओट्यावर बसून पोस्टमनची वाट बघायची. तिने भैरोबाला नवस बोलला तो युद्ध थांबावं म्हणून नाही, आपल्या तोफांचा नेम चुकू नये म्हणून. बाई म्हणजे शांतता हे समीकरण मला माझ्याच घरात दिसलं नाही.

रानजाई

कृष्णाकाठ, आजींची गोष्ट काळजाला लागली. त्यांच्या जागी मीही तोच नवस बोलले असते.

पण तुमच्या कारणांबद्दल एक सांगते. लायबेरियात परकी फौज पहिल्यांदा उतरली १९९० मध्ये, तीही मुख्यतः नायजेरियाचीच. त्यानंतर १९९६ पर्यंत डझनभर करार झाले आणि मोडले. १९९७ ला निवडणूक झाली, टेलर जिंकला, आणि १९९९ ला पुन्हा युद्ध पेटलं. म्हणजे फौज होती, दबाव होता, करार होते, तरीही. २००३ नंतर मात्र ते परतलं नाही. नवं काय होतं, ते बघा.

डिसेंबर २००३ मध्ये शस्त्रं जमा करायला सुरुवात झाली. शिफेलिनच्या छावणीत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बंदूकधारी आले. पैसे आत्ताच द्या म्हणून दंगल उसळली. काम बंद पडलं ते एप्रिल २००४ पर्यंत. बायकांचा सल्ला आधी कुणी घेतला नव्हता. नंतर त्यांनाच गळ घालावी लागली, कारण त्या पोरांना नावाने हाक मारणाऱ्या त्याच होत्या. कुणाची बंदूक कुठल्या परसात पुरलीय हे शेजारणीला जेवढं ठाऊक, तेवढं संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्याला कुठून असणार?

मोगरा_८१

या विषयाशी माझं घरचं नातं आहे म्हणून लिहिते. माझी वहिनी केंद्रीय राखीव पोलीस दलात. भारताने २००७ मध्ये मनरोव्हियाला बायकांची पोलीस तुकडी पाठवली, संयुक्त राष्ट्रांच्या कामावर गेलेली तशी ती पहिलीच. तुकड्या बदलत गेल्या, २०१६ पर्यंत. वहिनीचा नंबर मधल्या एका वर्षी लागला.

ती सांगते, रात्रीच्या गस्तीला निघालं की गल्लीतल्या बायका दारं उघडून बाहेर येऊन उभ्या राहायच्या. पुरुष शिपायांची गाडी आली की तीच दारं बंद. युद्धात गणवेशातल्या पुरुषांनी काय केलं होतं ते त्या दारांना माहीत होतं. एक म्हातारी रोज वहिनीच्या बुटांकडे बघायची. शेवटी एकदा जवळ येऊन तिने विचारलं, हे बूट माझ्या नातीच्या मापाचे मिळतात का. नातीला पोलिसात जायचं होतं. तिथल्या पोलीस आणि सुरक्षा दलांत बायकांचं प्रमाण ६ टक्क्यांवरून १७ वर गेलं, असं संयुक्त राष्ट्रांनीच नंतर सांगितलं.

कृष्णाकाठदादा, वहिनीच्या हातात बंदूकच होती. म्हणून मला तुमचं अर्धं पटतं, अर्धं नाही.

लोकताक

नऊ वर्षं नोकरीनिमित्त इंफाळमध्ये राहिलोय. धागालेखिकेचा हेतू चांगला आहे, पण एक बाजू राहून जातेय.

१५ जुलै २००४ ला इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात, जिथे आसाम रायफल्सचा तळ होता, १२ माता विवस्त्र उभ्या राहिल्या, आसाम रायफल्सने पकडून नेलेल्या मनोरमा या तरुणीच्या हत्येनंतर. त्याच वर्षी आसाम रायफल्सने कांगला सोडला. त्या मैरा पाइबींपुढे, म्हणजे मशाल घेऊन निघणाऱ्या मैतेई बायकांपुढे, मी आजही मान झुकवतो. पण जून २०२३ मध्ये, मैतेई-कुकी हिंसाचारात, मणिपुरातल्या इथाम गावात जमावाच्या पुढे बायका होत्या, आणि पकडलेले १२ सशस्त्र जण सोडून द्यावे लागले असं लष्कराने जाहीर केलं. मशाल तीच, पण ती आपल्या जमातीसाठी पेटली की पलीकडच्या आईचं पोर दिसत नाही.

लायबेरियातही बघा. एलन जॉन्सन सरलीफ पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली, २०११ ला बोवीबरोबर तिलाही नोबेल मिळालं. तिनेच सुरुवातीला टेलरला पैशाची मदत केली होती, हे तिने मान्य केलंय. त्यांच्या सत्यशोधन आयोगाने २००९ मध्ये तिला ३० वर्षं सार्वजनिक पदापासून दूर ठेवायची शिफारस केली होती. बाईपण ही हमी नाही.

रानजाई

लोकताक, तुमचा मुद्दा मान्य, आणि तो मान्य करताना त्रास होतो.

म्हणूनच त्या मैदानातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे दोन धर्मांच्या बायका एकाच चटईवर होत्या. सुरुवातीला ख्रिस्ती बायकांतच कुरबुर झाली, मुस्लिमांबरोबर कसं बसायचं म्हणून. ती त्यांनी बसून मिटवली, आधी स्वतःतली. मणिपुरात मैतेई आणि कुकी आयांची अशी एक चटई पडली तर काय होईल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि युद्धानंतर लायबेरियाच्या गावोगाव बायकांनी शांतीच्या झोपड्या उभ्या केल्या. जुन्या पंचायतीच्या झोपडीत पुरुषच बसायचे, इथे बायका बसतात. जमिनीची भांडणं, नवऱ्याची मारहाण, निवडणुकीतली धमकी, सगळं तिथे येतं. भांडण कोयत्यावर जायच्या आत. २०१८ ला तिथे सत्ता शांतपणे एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, २०२३ ला हरलेल्याने निकाल मानला.

कृष्णाकाठ

झोपड्यांचं मला माहीत नव्हतं. ते काम खरं आहे.

तरी माझा आक्षेप उभाच आहे. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात ज्यांनी गावं जाळली, बायकांवर अत्याचार केले, त्यांच्यावर तिथे खटला उभा राहिला नाही. काही तर सिनेटर झाले. ज्या बाईची पोर गेली तिने त्याच माणसाला मत मागताना बघायचं, ही कसली शांतता? न्यायालय उभारायचा आदेश निघाला २०२४ ला, दोन दशकांनी.

रानजाई

याला माझ्याकडे उत्तर नाही दादा. अक्राच्या दारात बसताना त्यांनी न्यायालयाचीही अट घातली असती, तर करार झाला असता का, हे मी दोन दिवस मनात घोळवतेय.

मोगरा, वहिनींना एक विचाराल का? त्या आजीच्या नातीला बूट मिळाले का शेवटी?

मोगरा_८१

विचारलं. वहिनी परत येताना स्वतःचे ठेवून आली. एक नंबर मोठे होते, पुढे कापूस घालून घालते म्हणाली पोरगी.