चाकांवरचं घर की बिऱ्हाड?

घोडबंदर रोड, ठाणे: माझी मावशी आणि काका निवृत्तीनंतर अमेरिकेत छोट्या ट्रेलरमध्ये राहतात. पिकअप गाडीच्या मागे जोडलेली एक खोली, तीच घेऊन गावोगाव फिरतात. दिवसा ज्या टेबलावर जेवतात, तेच रात्री खाली करून वर गाद्या टाकल्या की पलंग. मावशी म्हणते, "दहा मिनिटांत झाडून-पुसून होतं, मग सगळा दिवस माझा." सोसायटीच्या दिवाळी अंकात तिच्यावर लिहायचंय. या घराला मराठीत काय म्हणावं? आणि तिचं हे सुख 'सुटसुटीत' म्हणू की 'आटोपशीर'?

कळंबोली: ताई, 'ट्रेलर' लिहू नका. इकडे ट्रेलर म्हटलं की उरणच्या बंदरातून चाळीस फुटी कंटेनर घेऊन येणारं धूडच डोळ्यांपुढे येतं. 'कॅरॅव्हॅन' चालेल. राज्याच्या २०२१ च्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणातही तोच शब्द आहे. फक्त एक, कॅरॅव्हॅनला स्वतःचं इंजिन असू शकतं. मावशींचं घर ओढून न्यावं लागतं, तेवढं एका वाक्यात सांगून टाका.

नौपाडा, ठाणे: माझं मत 'बिऱ्हाड'. मूळ कानडी 'बिडार', म्हणजे उतरायची, मुक्कामाची जागा. मराठीत त्याला संसार चिकटला. आमच्याकडे चाळीत 'वरचं बिऱ्हाड' म्हणजे वरची खोली नव्हे, तिथलं अख्खं कुटुंब, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्यांसकट. भाडेकरूला जुनी माणसं बिऱ्हाडकरूच म्हणत. जागा तात्पुरती पण संसार पुरा, हे दोन्ही एका शब्दात सांगणारा दुसरा शब्द मला तरी माहीत नाही. 'फिरतं घर' बरं आहे, पण ते फिरत्या दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसतं.

आणि मावशी नुसत्या हिंडत नाहीत, घर चालवतात. अशा ट्रेलरमध्ये पिण्याच्या पाण्याची टाकी भरायची, सांडपाण्याची ठरलेल्या जागीच रिकामी करायची, गॅस किती उरलाय ते बघायचं. ही बिऱ्हाडाचीच कामं. 'बिऱ्हाडबाजलं' मधलं बाजलं म्हणजे छोटी बाज. टेबलाचा पलंग होतो म्हणालात, तिथे हा शब्द अगदी चपखल बसेल.

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' मात्र टाळा. बदलीच्या नोकरीत होरपळलेल्या माणसाबद्दल आपण ते कीव करत म्हणतो. 'भटकं आयुष्य' सुद्धा नको. आपल्याकडे भटक्या जमाती हा सरकारदरबारचा प्रवर्ग आहे. पालं ठोकून राहणाऱ्यांना गावाने कधी टिकू दिलं नाही, त्यांची भटकंती हौसेची नव्हती. मावशींनी हे आयुष्य निवडलंय, हा फरक शब्दात दिसायलाच हवा.

ऐरोली: दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सुटसुटीत म्हणजे पायात काही घोटाळत नाही असं: कपडे, सामान, वाक्य. आटोपशीर म्हणजे आपल्या आवाक्यात मावणारं, हातून सहज उरकणारं: स्वयंपाकघर, लग्न, भाषण. दहा मिनिटांत झाडून होणारं घर आटोपशीर. नको ते सामान वाटून टाकून निघालेली माणसं सुटसुटीत. मावशींच्या बोलण्यात दोन्ही आहे, पण आधी आटोपशीर. वेळ वाचतो तो त्यामुळे.

घोडबंदर रोड, ठाणे: सगळ्यांचे मनापासून आभार. असं लिहितेय: "मावशीचं बिऱ्हाड आटोपशीर आहे आणि ती त्यात मजेत आहे." 'सुखात' खोडून 'मजेत' केलं, कारण फोनवर ती तोच शब्द वापरते. 'कॅरॅव्हॅन' पहिल्या परिच्छेदात एकदा येईल, पुढे सगळीकडे बिऱ्हाड. नौपाड्याच्या काका, 'बिऱ्हाड हलवलं' आणि 'बिऱ्हाड मोडलं' यांतलं रोज सकाळी निघताना कुठलं म्हणू?

नौपाडा, ठाणे: हलवलं. मोडलं म्हणजे संसारच आवरता घेतला.